लुकणकाकांचं फडकं

लुकणकाकांच्या हाताला यश आहे, असं सगळी प्रयोगशाळा म्हणायची. इतकं म्हणायची की शेवटी तेच नडलं. पण ते पुढे. आधी माणूस तर बघा.

त्यांचं खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं आणि तिथेच राहिलं. खिडकीच्या चौकटीत काच बसवताना जो मऊ, तेलकट लगदा लावतात ते लुकण. काकांचे वडील काचा बसवायचे, आणि काका त्यांच्याच हाताखाली शिकले. चौकटीची खाच आधी फडक्याने कोरडी करायची, मग लुकण अंगठ्याने दाबत दाबत न्यायचं, मग काच. "ओल्यावर लुकण धरत नाही, गाढवा!" असं म्हणून वडील पाठीत धपाटा घालायचे. असे धपाटे खाल्ले की शिकलेलं डोक्यात थांबत नाही, थेट हातात उतरतं. आणि हात मग पुढे जन्मभर कुणाला विचारत बसत नाही. पुढे खिडक्या बदलल्या, रबराच्या पट्ट्या आल्या, लुकणाचे दिवस संपले. चार ठिकाणी फिरून काका एका कारखान्यात लागले. त्या कारखान्यात माणसांचे गुडघे बनत.

कृत्रिम गुडघा म्हणजे काही अख्खा पाय नव्हे. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची थाळी, आणि त्या दोघींच्या मध्ये प्लास्टिकची गादी, दोन जावांमध्ये एखादी समजूतदार नणंद असावी तशी, कुठे असलीच तर. थाळीच्या पोटाला बारीक बारीक खळगे असतात. पूड आणि पातळ औषध कालवून हाडाचं सिमेंट करतात, ते थाळी आणि हाड यांच्या मध्ये भरतात, ते खळग्यांत शिरतं, तापतं, दगडासारखं होतं, आणि थाळी हाडाला धरून बसते. बसली तर माणूस विसरून जातो की आत काही आहे. सुटली तर एकेका पावलाला ती आत हलते, आणि ते दुखणं काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

तर ती सुटते की धरते, हे आधी तपासायचं काम प्रयोगशाळेचं. काका हाडाच्या जागी धरलेल्या फोमच्या टणक ठोकळ्यावर सिमेंटने थाळी बसवायचे, सिमेंट नीट सुकलं की ती मशीनच्या जबड्यात द्यायची, आणि मशीन ती उपटेपर्यंत ओढायचं. काकांच्या हातची थाळी सहजासहजी उपटायची नाही. मशीन कण्हायचं. सिमेंट फुटायचं, ठोकळा फाटायचा, पण थाळी सिमेंटला सोडायची नाही. बघणारे माना डोलवायचे, आणि काका हातमोजे काढून पाणी प्यायला जायचे.

कारखान्यात आणखी दोन माणसं लक्षात ठेवायची. एक सारखेबुवा. नवा गुडघा विकायचा तर मंजुरी खात्याची परवानगी लागते. आता प्रत्येक नवा गुडघा आधी शेकडो माणसांत घालून वर्षानुवर्षं वाट बघत बसायचं म्हटलं तर निम्मे कारखाने बंद पडतील. म्हणून खात्याने एक वाट ठेवलेली असते: बाजारात आधीच असलेल्या गुडघ्यासारखाच हा आहे, तपासणीत त्याच्याइतकाच टिकतो, एवढं दाखवा आणि परवानगी घ्या. ते दाखवायचं काम बुवांचं. नवी थाळी जुनीसारखी, जुनी तिच्याही आधीच्या थाळीसारखी, आणि ती आधीची कुणासारखी, ते बघायला आता कोण बसलंय! बुवांना सवयच लागली होती. डब्यातली भाजी कशी आहे विचारलं तरी म्हणायचे, "कालच्यासारखीच."

दुसऱ्या भिंगबाई. गुडघ्याचं डिझाइन त्या करायच्या, आणि गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं असायचं म्हणून हे नाव. हुशार बाई, आणि हुशारीपेक्षाही दुर्मीळ म्हणजे स्वतःच्या कामावर संशय घेणारी. डॉक्टर लोकांची तक्रार होती की थाळी जाड आहे, ती बसवायला हाड जास्त कापावं लागतं. बाईंनी थाळी पातळ केली. थाळी पातळ झाली तशी पोटाच्या खळग्यांना खोली उरली नाही. नमुना हातात घेऊन बाई काकांच्या टेबलाशी आल्या.

"काका, खळगे उथळ झालेत हो. मला रात्रभर तेच दिसतंय. धरेल ना?"

"मी लावतो ना," काका म्हणाले.

त्यांनी लावली. मशीन कण्हलं. थाळी सुटली नाही. जुनी आणि नवी शेजारी शेजारी ठेवून ओढली, आकडे मागेपुढे पण एकाच घरातले. बुवा खूश झाले, "सारखंच आहे!" कारखान्याचे साहेब खूश झाले. कागद खात्याकडे गेले, खात्याने दोन-चार शंका विचारल्या, बुवांनी उत्तरं दिली, आणि मंजुरी आली. सगळं रीतसर. कुणी खोटं बोललं नाही, कुणी कुणाच्या हातावर काही ठेवलं नाही. तेच तर भयंकर आहे. चोर असता तर सापडला तरी असता.

नवी थाळी दवाखान्यांत गेली. बरेच महिने काही ऐकू आलं नाही. मग एक परत आली.

परत आलेला माल म्हणजे माणसाच्या गुडघ्यातून पुन्हा काढलेला. दवाखाना जंतू मारून, पिशवीत बंद करून पाठवतो, आणि नियम असा की तो धुवायचा नाही, पुसायचा नाही, जसा आला तसा बघायचा. त्या दिवशी भिंगबाई बाहेर होत्या. पिशवी काकांच्या टेबलावर आली. काकांनी ती फोडली, थाळी काढून पांढऱ्या कागदावर पालथी मांडली, आणि हात धुवायला गेले. बाई आल्या, भिंग लावून वाकल्या. थाळीचं पोट आरशासारखं लख्ख. सिमेंटचा कण नाही, डाग नाही, काही नाही.

"सिमेंट सगळं हाडाकडे राहिलं, आणि ही तेवढी सुटून आली," बाई पुटपुटल्या. "का पण? घाण नाही, ओरखडा नाही. अशी कशी सुटेल?"

"डॉक्टरचा हात नसेल बसला नीट," साहेब म्हणाले.

"जुन्याही एखाददुसऱ्या सुटायच्या," बुवा म्हणाले. "सारखंच आहे."

कारण समजलं नाही, असा शेरा मारून ती थाळी कपाटात गेली. काकांच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. सिमेंटने सोडलेली थाळी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. पण पाल चुकचुकली म्हणून कुणी घर सोडत नाही.

आता घराकडे चला. काकू शिवणकाम करायच्या. मशीन पायाचं. काकांनी कितीदा म्हटलं, मोटर बसवून देतो. "मोटर बसवली की कापड पळतं आणि मी त्याच्या मागे," काकू म्हणायच्या. "पायाने चालवलं की मशीन माझ्या मनाने चालतं." घर दोन खोल्यांचं, आतल्या खोलीत मशीन आणि बाहेरच्या खोलीत काका. उभ्या संसाराला त्या आवाजाची सोबत होती. काकूंना काकांची एकच गोष्ट खटकायची. धुतलेलं ताट समोर ठेवलं तरी काका ते फडक्याने एकदा पुसून घ्यायचे. चष्मा पुसायचे, कुलूप उघडण्याआधी किल्ली पुसायचे. खिशात फडकं नसलं तर शर्टाचं टोक.

"मी धुतलेलं चालत नाही का तुम्हाला?" काकू विचारायच्या.

"काय केलं मी?"

"काय केलं म्हणे! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, दुसरं काय!"

काकांना खरंच कळायचं नाही की आपण काय केलं.

मशीन चालवून चालवून, आणि जिने चढून चढून, काकूंचा उजवा गुडघा गेला. आधी तेल, मग गोळ्या, मग काठी. मशीनचा आवाज कमी कमी होत बंद पडला, आणि घर इतकं गप्प झालं की काका कामावरून यायला कंटाळू लागले. शेवटी डॉक्टर म्हणाले, बदलून टाकू. कुठल्या कंपनीचा घालायचा, असं विचारलं, तेव्हा काकू काही बोलायच्या आत काका म्हणाले, "आमचाच. नवा निघालाय तो. हाड कमी कापावं लागतं."

"चांगला आहे ना हो?" काकूंनी घरी आल्यावर विचारलं.

"माझ्या हाताखालून गेलाय," काका म्हणाले. ही गोष्ट पहिली थाळी परत आल्यानंतरची. एवढं ध्यानात ठेवा.

ऑपरेशन छान झालं. काकू वॉकर घेऊन चालल्या, मग काठी घेऊन, मग काठी दाराआड गेली. एक दिवस काका जिना चढत असताना वरून मशीनचा आवाज आला, आणि हा एवढा बाप्या माणूस जिन्यात उभा राहून रडला. शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं? "काही नाही, डोळ्यात काहीतरी गेलं," म्हणाले, आणि चष्मा पुसला.

सुखाचे दिवस मोजायचे नसतात म्हणतात. मोजण्याइतके ते नव्हतेही. कारखान्यात दोन थाळ्या एकदम परत आल्या, दोन वेगळ्या दवाखान्यांतून. या वेळी भिंगबाई जागेवर होत्या. त्यांनी स्वतः हातमोजे घातले, स्वतः पिशवी फोडली, आणि भिंग न लावताच थबकल्या. थाळीच्या पोटावर पिवळट, वाळलेला थर होता. हाडातली चरबी. सगळ्या खळग्यांत ती बसलेली, आणि सिमेंटचा कण नाही. दुसरी पिशवी फोडली. तेच.

"मग पहिली लख्ख कशी होती?" बाई स्वतःशीच म्हणाल्या. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "काका, एक नमुना करून दाखवा. नेहमी करता तसाच. मी नुसती बघत उभी राहते."

इतकी वर्षं सगळ्यांनी मशीन बघितलं होतं, आकडे बघितले होते. काकांकडे कुणी बघितलं नव्हतं. काकांनी सिमेंट कालवलं, त्याचा नाकात जाणारा उग्र वास खोलीभर झाला. ते चिकट असतानाच त्यांनी ठोकळ्यावर थापलं, डाव्या हातात थाळी घेतली, उजव्या हाताने अंगठा लावून लावून खळगा न् खळगा भरला, पालथी घालून दाबली, आणि मागे सरकले.

"झालं," ते म्हणाले.

"काका," बाईंचा आवाज विचित्र झाला होता, "थाळी घेतल्यावर काय केलंत?"

"सिमेंट लावलं."

"त्याच्या आधी."

"आधी काय? काही नाही."

"तुम्ही ती स्पिरिटच्या फडक्याने पुसलीत. मग कोरड्या फडक्याने पुसलीत. दोनदा."

काकांनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. ते त्यांच्या हातात होतं खरं. ते खिशातून कधी आलं, हे देवाशपथ त्यांना आठवेना.

"कामाच्या कागदात नुसतं 'सिमेंट लावा' असं आहे. पुसा असं नाही, आणि सिमेंट चिकट असतानाच लावा असंही नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "तो कागद मीच लिहिलाय. काका, आत ऑपरेशनमध्ये रक्त असतं, चरबी असते, पाय हलवला की ती वर येते. तिथे कोण पुसतंय? जुन्या थाळीचे खळगे खोल होते, चरबी आली तरी सिमेंट कुठेतरी अडकून राहायचं. नवी थाळी फक्त एकाच गोष्टीवर टिकते. तुमच्या फडक्यावर." त्या थांबल्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो काकांना आधीच ऐकू आला होता. "आणि ती पहिली? पिशवीतून काढल्यावर... तीही?"

काकांच्या पायाखालची वाळू सरकली. पहिल्या थाळीच्या पोटावर काय होतं ते त्यांना आठवत नव्हतं. पण त्या दिवशी घरी गेल्यावर काकूंनी कपडे भिजवताना विचारलं होतं, "फडक्याला हे तेलकट पिवळं काय लागलंय? साबणाने जात नाही." ते आठवलं.

ती थाळी जशी आली तशी बाईंच्या भिंगाखाली गेली असती, तर त्याच दिवशी उलगडा झाला असता. विक्री थांबली असती. काकूंचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं. हा हिशोब काकांनी तिथल्या तिथे केला, आणि स्टुलावर बसले ते उठेनात.

"माझंही चुकलं," भिंगबाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "तुम्ही लावता कसं, हे मी एकदाही येऊन बघितलं नाही. 'मी लावतो ना' म्हणालात आणि मी झोपायला गेले." बाईंना काकूंचं माहीत नव्हतं. काकांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी खांद्यावरचा हात काढून घेतला आणि तोंडावर ठेवला.

पुढची तपासणी काकांच्या हातून करायचीच नाही, असं ठरलं. बाईंनी पॅकिंगमधल्या एका बाईला बोलावलं, जिने जन्मात सिमेंटला हात लावला नव्हता. जुन्या आणि नव्या, दोन्ही थाळ्यांच्या पोटाला हाडातली चरबी चोपडली, पुसली नाही, सिमेंट जरा घट्ट होऊ दिलं, आणि बसव म्हणाल्या. जुनी थाळी उपटायला मशीनला बऱ्यापैकी ओढावं लागलं. नवी थाळी मशीनपर्यंत गेलीच नाही. ठोकळा उचलताना ती हातातच आली, पातेल्यावरचं झाकण यावं तशी. सारखेबुवा दारात उभे होते. त्यांनी चष्मा वर केला, दोन्ही थाळ्यांकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "सारखं नाही."

साहेबांनी हातपाय आपटले, पण दोन दिवसांत तेही गप्प झाले. खात्याला कळवलं, विक्री थांबली, दवाखान्यांना पत्रं गेली. पत्र लिहिणं सोपं असतं. जे गुडघे आधीच माणसांच्या पायांत बसून बाजारात जात होते, जिने चढत होते, नातवंडांमागे पळत होते, ते काही पत्राने परत येत नाहीत. आणि त्यांतला एक काकांच्या घरात मशीन चालवत होता.

काका डॉक्टरांकडे गेले. एकटेच. चरबी नसेलच आली कदाचित, हा डॉक्टर नीटनेटका आहे, टेबलावरचं पेनसुद्धा रांगेत ठेवतो, असं स्वतःला समजावत गेले.

"डॉक्टर, हिची थाळी लावताना... पुसली होतीत का?"

डॉक्टरांनी पत्र वाचलेलं होतं. ते टाळाटाळ करू शकले असते, केली नाही. "नाही हो. आजवर कुणीच पुसत नव्हतं. आम्ही हाडावर सिमेंट लावायचो आणि थाळी बसवायचो. तुमची पत्रं आता येतायत." मग म्हणाले, "काकूंना काही त्रास आहे का?"

"नाही," काका म्हणाले.

"मग थांबू. सगळ्यांच्याच सुटतात असं नाही. एक्स-रेच्या फोटोतही लवकर दिसत नाही. बसल्यावरून उठताना पहिली दोन पावलं दुखली, तर मात्र लगेच घेऊन या."

तेव्हापासून काका ऐकू लागले. बाहेरच्या खोलीत पेपर समोर धरून बसायचे, पण वाचायचे नाहीत. आत मशीन चालायचं. मशीन थांबलं की काकांचा श्वास थांबायचा. काकू दोरा बदलत असायच्या, किंवा बाही उलटी करत असायच्या, आणि आवाज पुन्हा सुरू व्हायचा. खुर्ची सरकल्याचा आवाज आला की काका उठून दारात जाऊन उभे राहायचे, आणि काकूंची पहिली दोन पावलं बघायचे. ठीक. दुसऱ्या दिवशी ठीक. तिसऱ्या दिवशी ठीक. हे ठीक त्यांना आत कुरतडत होतं. जेवण जाईना, कामावर लक्ष लागेना. काकूंना सांगावं तर सांगायचं काय? की तुझ्या पायात काहीतरी आहे, ते कदाचित सुटेल, कदाचित नाही, आणि तोवर तू खुशाल शिव?

मग एक दिवस खुर्ची सरकली. काका दारात गेले. काकू उठल्या, आणि पहिलं पाऊल टाकायच्या आधी त्यांनी मशीनच्या कडेला हात टेकला. क्षणभरच. ओठ आवळले, पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि मग चालायला लागल्या नेहमीसारख्या.

"काय बघताय?" त्या म्हणाल्या.

"दुखलं?"

"उठताना जरासं धरतं. गेले काही दिवस. वय झालं आता."

काकांनी मान फिरवली, पण तोंड लपवता येत नाही ना.

"मी रोज बघतेय," काकू खाटेच्या कडेवर बसल्या. "मशीन थांबलं की तुम्ही दारात. खुर्ची वाजली की तुम्ही दारात. नव्या नवरीच्या मागे एवढे कधी फिरला नाहीत. काय आहे ते सांगा. माझ्या पायाचं आहे ना?"

काकांनी सांगितलं. सगळं. परत आलेली पहिली थाळी, फडकं, पिवळा डाग, भिंगबाई, पॅकिंगमधली बाई. सांगताना ते एकदाही वर बघू शकले नाहीत. काकू ऐकत होत्या आणि उजव्या हाताने गुडघा चोळत होत्या.

"म्हणजे तुमचा हात चांगला, म्हणून माझा पाय गेला," त्या शेवटी म्हणाल्या.

"अगं..."

"अहो, घरात मी कानीकपाळी ओरडत होते. पुसू नका, पुसू नका, धुतलेलं आहे ते! तिथे ओरडायला कुणी नव्हतं का?" त्यांचा आवाज चढला, मग एकदम फुटला. "मी विचारलं होतं तुम्हाला. चांगला आहे ना, असं विचारलं होतं. मला पुन्हा टेबलावर नाही हो झोपायचं. मला भीती वाटते."

काका त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मलाही वाटते, एवढंच म्हणाले. आतून काहीच जाणवत नव्हतं. वरून गुडघा चांगला गुबगुबीत, उबदार, व्रण पांढरा पडलेला. असा गुडघा पाहून कोण म्हणेल?

फोटोत पहिल्यांदा काही दिसलं नाही. नंतरच्या फोटोत थाळी एका अंगाला किंचित कलली होती. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने ती काळी रेघ दाखवली, थाळी आणि सिमेंट यांच्या मधली, केसाएवढी. तोवर काकूंचं मशीन बंद झालं होतं आणि काठी दाराआडून बाहेर आली होती. ऑपरेशन पुन्हा. या वेळी जुन्या खोल खळग्यांची, हाडात खोल जाणाऱ्या लांब दांडीची थाळी, कारण हाड आता पहिल्यासारखं राहिलेलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी काका बाहेरच्या बाकावर बसले होते. भिंगबाई येऊन बसून गेल्या. बुवाही आले होते. काय बोलावं ते न कळून त्यांनी दोनदा चहा आणला. काकांनी सकाळीच स्वतःला बजावलं होतं, आज कशालाही हात लावायचा नाही. म्हणून ते हात खिशात घालून बसले होते.

दार उघडलं. डॉक्टर आले, टोपी काढली. "झालं. नीट झालं. रक्त थोडं जास्त गेलं, पण ठीक आहेत." नर्स मागून स्टीलचं भांडं घेऊन आली होती. "ही निघाली," ती म्हणाली. "बघायची आहे तुम्हाला?"

भांड्यात थाळी पालथी पडली होती. काकांनी ती उचलली. इतक्या थाळ्या हाताखालून गेल्या, पण ही हिच्या अंगातली. हिच्या वजनाखाली राहिलेली. पोट पिवळट, तुळतुळीत, सिमेंटचा कण नाही. त्यांचे डोळे भरून आले, पुढचं नीट दिसेना.

"अहो काका! पुसू नका!" डॉक्टर ओरडले. "तशीच पाठवायची आहे!"

काकांनी खाली पाहिलं. फडकं हातात होतं. अर्धी थाळी लख्ख झाली होती.

बाकावरून बुवा उठल्याचा आवाज आला. काकांना वाटलं, हात तोडून टाकावेत. पण त्यांनी थाळी नर्सने पुढे केलेल्या पिशवीत हळूच सोडली, आणि मग फडक्याची घडी केली, डाग आतल्या बाजूला ठेवून, आणि तेही पिशवीत टाकलं.

"हेही पाठवा," ते नर्सला म्हणाले. "यावरही आहे. गेल्या वेळी हेच धुतलं गेलं होतं."

नर्सने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली, आणि पिशवी बंद झाली.

संध्याकाळी काकूंना शुद्ध आली. तोंड कोरडं पडलेलं, पाय जाड बांधलेला, उशीवर उचलून ठेवलेला. काका शेजारी बसून होते, हात मांडीवर उघडे ठेवून, समोर दिसतील असे.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं."

"या वेळी पुसून लावली?"

"डॉक्टर म्हणाले, पुसून लावली."

"तुम्ही बघितलंत?"

"मला आत कोण सोडतंय?"

काकूंनी डोळे मिटून घेतले. काकांना वाटलं झोप लागली. मग त्यांचा हात चादरीवरून सरकत आला आणि काकांच्या रिकाम्या हातात येऊन पडला.

"मग आता ऐकत बसू दोघंही," त्या म्हणाल्या.